पात्र आणि अपात्र

दर नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत जातो. मी जिवंत आहे एवढे सिद्ध झाले की माझे निवृत्तिवेतन वर्षभर निर्वेध सुरू राहते. मुलगा कमावता आहे काय, घर पक्के आहे काय, हे मला कोणी विचारीत नाही. त्याच रांगेत वृद्धापकाळाची सरकारी मदत घेण्यासाठी आलेल्या स्त्रिया उभ्या असतात. त्या मदतीलाही लोक पेन्शनच म्हणतात. परंतु ती मिळविण्यासाठी त्यांना आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागलेले असते. एका शब्दाचे हे दोन अर्थ मला अस्वस्थ करतात.

या अस्वस्थतेला जुने कारण आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला. 65 वर्षांवरील निराधार व्यक्तीस केंद्राकडून दरमहा 75 रुपये, असे त्यातील वृद्धसाहाय्याचे स्वरूप होते. निराधार म्हणजे, स्वतःचे किंवा कुटुंबीयांकडून मिळणारे उपजीविकेचे नियमित साधन ज्यास नाही, असा. त्यानंतर दोनेक वर्षांनी मध्य प्रदेशातील एका तहसिलीच्या गावी अर्जांची छाननी माझ्याकडे होती. एका वृद्धेच्या शिधापत्रिकेवर मुलाचे नाव होते. नाव कागदावर आहे, मुलगा घरात नाही, असे ती सांगत राहिली. मी कागद प्रमाण मानला आणि ‘अपात्र’ असा शेरा लिहिला. नियमाने मी चुकलो नव्हतो.

छाननी करणाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. अपात्र व्यक्तीला पैसे गेले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, खुलासा द्यावा लागतो. पात्र व्यक्ती वगळली गेली तर काहीच घडत नाही. तिच्या उपासाची नोंद कोणत्याही नस्तीत नसते. म्हणून अधिकारी पहिल्या चुकीला भितो, दुसरीला सरावतो, आणि त्या सरावाला कर्तव्यदक्षता म्हणतो.

निकषच नकोत, असे मी म्हणत नाही. राज्यघटनेच्या 41 व्या अनुच्छेदाने वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत साहाय्य देण्याचे मार्गदर्शन केले आहे, पण राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. निकष काढून टाकले तर बळी तो कान पिळी, हेही खरे. पुढे निकष बदललेही. 2007 मध्ये निराधारपणाच्या जागी दारिद्र्यरेषा आली. 2011 मध्ये वयोमर्यादा 60 वर आली. मात्र 80 वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा 2006 पासून 200 रुपयांवरच आहे. वरची भर राज्यांनी घालायची. दिव्यांगांच्या बाबतीत 2016 चा कायदा 40 टक्के अपंगत्व लक्षणीय मानतो, तर केंद्राच्या पेन्शनीसाठी 80 टक्के लागते. एकाच माणसाचा पाय कायद्यात अधू आणि योजनेत धड ठरतो.

‘पात्र’ हा शब्द आपण दानविचारातून घेतला. दान सत्पात्री असावे, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. दात्याने पात्रता पाहावी, कारण धन त्याचे. सरकारी तिजोरी मात्र माझी नव्हती. त्या वृद्धेने काडेपेटीपासून लुगड्यापर्यंतच्या खरेदीतून तिच्यात आयुष्यभर भर घातली होती. तिने कष्टही केले होते. फक्त त्यांचे सेवापुस्तक कोणी ठेवले नव्हते. होळकरांच्या चाकरीनिमित्त माळव्यात आलेल्या आमच्यासारख्या घराण्यांना तर हे सहज उमगावे. इनामांवर किती पिढ्या जगल्या! इनामदाराच्या वारसाला, तू गरजू आहेस काय, असे कोणी विचारीत नसे.

फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. वृद्ध अर्जदारास तो का मिळू नये? नकार द्यायचा असेल तर पुरावा कचेरीने शोधावा. त्यामुळे काही अपात्र लोक आत शिरतील. ते नुकसान पैशाचे असेल आणि पैसा वसूल करता येतो. उपाशी गेलेली वर्षे परत देता येत नाहीत.

आपल्या सभासदांपैकी अनेकांना कचेरीची भाषा अवगत आहे. आपल्या घरी राबणाऱ्या बाईचा किंवा गल्लीतील रखवालदाराचा एखादा अर्ज आपण भरून द्यावा, आणि तो नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. मी अलीकडे एवढेच करतो. त्या जुन्या शेऱ्याची भरपाई त्याने होत नाही, हे मला ठाऊक आहे.