फितुरीचे रूपक

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेत १९९५ पासून एक मेंदूपेढी आहे. आप्ताच्या मृत्यूनंतर नातलगांनी संमतीपूर्वक दिलेले मेंदू तेथे अभ्यासासाठी जतन केले जातात. अशा दानामागे ‘हे का घडले?’ हा प्रश्न कोठेतरी दडलेला असावा. मेंदूतील अर्बुदांपैकी अत्यंत आक्रमक अशा ग्लायोब्लास्टोमाच्या बाबतीत या प्रश्नाचे विज्ञानाने दिलेले उत्तर नीतिविचारालाच अडचणीत टाकणारे आहे.

या गाठीत केवळ कर्कपेशी नसतात. तिचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, शरीराच्या रक्षक पेशींनी व्यापलेला असतो. त्यांतील काही रक्तातून आलेल्या, तर काही मेंदूतच जन्मभर पहारा करणाऱ्या मायक्रोग्लिया. स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये या पेशींची स्वतंत्र ओळख पटवली. मृत पेशी उचलणे, जंतू गिळणे, जखम भरून आणणे हे त्यांचे नित्यकर्म. परंतु गाठीपाशी पोचल्यावर त्या तिच्या वाढीस पोषक द्रव्ये पुरवतात, भोवतालची वीण सैल करणारी विकरे स्रवतात आणि चालून आलेल्या इतर रक्षकांना थोपवून धरतात.

कुंपणानेच शेत खाल्ले, असे म्हणण्याचा मोह येथे अनावर होतो. मराठी मनाला तर फितुरीचे भय इतिहासानेच दिलेले. (सूर्याजी पिसाळाचे नाव, पुराव्याची पुरती शहानिशा न होताच, शिवीसारखे वापरले गेले.) तथापि फितुरीला हेतू लागतो आणि पेशीला हेतू नसतो. १९८६ मध्ये अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड ड्वोरॅक यांनी अर्बुदाची तुलना न भरणाऱ्या जखमेशी केली, ती अधिक न्याय्य आहे. गाठीचे संदेश जखमेच्या हाकेसारखे असतात. मायक्रोग्लिया त्या हाकेला जखमेला द्यावयाचेच उत्तर देतात. येथे कर्तव्यात कसूर झालेली नाही. कर्तव्यच घातक ठरले आहे.

रामायणातील दशरथानेही घडा भरण्याचा आवाज ऐकून, हत्ती समजून बाण सोडला आणि मुनिकुमाराचा प्राण घेतला. त्याला मिळालेला शाप अन्याय्य वाटत नाही, कारण अंधारात क्षणभर थांबणे त्याला शक्य होते. संदेश आणि कृती यांच्यामधली ही फट पेशीपाशी नाही. आणि जेथे ती नाही तेथे दोष हा शब्द लावता येत नाही. ‘स्वतःचेच शरीर उलटले’ असे ऐकून आपल्या आयुष्यातील चुका मोजत बसणाऱ्या रुग्णाला हा भेद निव्वळ तात्त्विक वाटणार नाही.

उपचारालाही तो लागू पडतो. फितूर मानले की संहार सुचतो, फसलेला मानले की वळवणे. उंदरांवरील २०१३ च्या एका प्रयोगात या पेशींच्या एका ग्राहीला अडवले असता त्या मेल्या नाहीत. त्यांचे वर्तन पालटले आणि गाठी आक्रसल्या. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गाठ उलटून आलेल्या रुग्णांवरील चाचणीत त्याच धर्तीच्या औषधाचा लाभ दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, दीर्घ उपचारानंतर निम्म्याहून अधिक उंदरांत गाठी परतल्याचे आढळले; आणि त्या परतण्याला बळ देणारे द्रव्य या रक्षक पेशींनीच स्रवलेले होते.