वास नसलेले स्वयंपाकघर

स्वयंपाकघर कोणाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्याचे घर त्याचे स्वयंपाकघर, आणि जिच्या हातात कालथा तिची तिथे सत्ता, असे आपण धरून चालतो. पण मुंबईत, त्यातही प्रभादेवीसारख्या भागात, हा प्रश्न इतका सोपा राहिलेला नाही. इथे घर मिळवायचे तर आधी स्वयंपाकघराचा हिशेब द्यावा लागतो. तुम्ही काय शिजवता, कोणत्या दिवशी शिजवता, वास कुठवर जातो, हे दलाल विचारतो. आणि त्याच्याही आधी नाव विचारतो. नाव ऐकल्यावर पुष्कळदा पुढचे प्रश्न विचारण्याची त्याला गरज उरत नाही. ज्या वाचकांनी मुंबईत भाड्याने घर शोधले आहे त्यांना हे सविस्तर सांगायला नको. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले. स्टेशनचे नाव बदलते, भाडेकरूला मात्र आपले जुनेच सांगावे लागते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका वेगळ्याच वाटेने. आमची एक भाची, प्रभादेवीच्या चाळीतच लहानाची मोठी झालेली, सध्या एका घरासाठी स्वयंपाकघराचे सामान निवडण्यात गुंतली आहे. ओट्याखालच्या ट्रॉल्या, भिंतीवरची कपाटे, चिमणी, सिंक, मसाल्यांचे खण, सगळे सुटे सुटे, हवे तसे जोडता येणारे, हवा तो रंग देता येणारे. फरक इतकाच की हे घर संगणकाच्या पडद्यावर आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने २००३ साली ‘सेकंड लाइफ’ नावाचे एक आभासी जग लोकांसाठी खुले केले. त्याला खेळ म्हणावे तर त्यात जिंकणे-हरणे नाही. माणसे तिथे आपली एक प्रतिमा घेऊन वावरतात, जमीन घेतात, घर बांधतात, सजवतात, एकमेकांकडे जातात. तिथले चलन लिंडेन डॉलर; साधारण अडीचशे लिंडेनला एक अमेरिकन डॉलर पडतो. तिथले फर्निचर कंपनी बनवत नाही, तिथे राहणारी माणसेच बनवून विकतात. हजार लिंडेनला एखादे चांगले स्वयंपाकघर येते, म्हणजे आपले साडेतीनशे रुपयांच्या आसपास. खऱ्या घरात असे स्वयंपाकघर बसवायचे तर गोष्ट लाखांत जाते.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी यावर एका शब्दात निकाल दिला: इसराफ. जे खाता येत नाही, वापरता येत नाही, त्यावर पैसा घालणे म्हणजे उधळपट्टी. शब्द वजनदार आहे आणि आपल्या समाजात तो लग्नाच्या जेवणावळी सोडून इतर सर्व बाबतींत तत्परतेने वापरला जातो. पण उधळपट्टी मोजायची कशाने? वस्तू हाताला लागते की नाही यावरून? मग याच प्रभादेवीत नव्या इमारतींची जी सॅम्पल फ्लॅट म्हणून दाखवायची घरे असतात त्यांचे काय करायचे? तिथला ओटा खरा, कपाटे खरी, पण शेगडीला गॅस नाही, नळाला पाणी नाही, टोपलीतली सफरचंदे प्लास्टिकची. विक्री संपली की ते स्वयंपाकघर तोडून टाकतात. आणि मनोऱ्यांतल्या काही घरांत परदेशी बनावटीची स्वयंपाकघरे आहेत, ज्यांत चहापलीकडे काही होत नाही; खरा स्वयंपाक मागच्या छोट्या खोलीत दुसरीच बाई करते. साडेतीनशे रुपयांच्या मुलीला जाब विचारायचा तर या घरांना आधी विचारावा लागेल.

तत्त्वज्ञांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. अमेरिकन विचारवंत रॉबर्ट नोझिक याने १९७४ साली एक कल्पना मांडली: समजा, हवा तो अनुभव हुबेहूब देणारे एक यंत्र आहे, तर तुम्ही जन्मभर त्याला जोडून घ्याल का? त्याचे म्हणणे, आपण घेणार नाही. कारण आपल्याला नुसता अनुभव नको असतो, ती गोष्ट खरोखर करायची असते. उलट डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने २०२२ साली आलेल्या आपल्या पुस्तकात असे मांडले की आभासी वस्तू खोट्या नसतात. त्या लाकडाच्या नाहीत, पण आहेत. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघेही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बोलत नाहीत. वस्तू खरी की खोटी, हा आमच्या मते इथे दुय्यम प्रश्न आहे. तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क आहे की नाही, हे आधी पाहायला हवे.

त्याआधी निवडीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिची थट्टा करणाऱ्यांना ती कशाची भूक आहे हे ठाऊक नसते. मुंबईतल्या सरकारी बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. प्रभादेवी-परळच्या गिरणी चाळीही काही फार ऐसपैस नव्हत्या. एका कोपऱ्यात मोरी, तिला लागून कडप्प्याचा ओटा, वर फळी, फळीवर डबे, आणि उरलेल्या जागेत सारा संसार. त्याच काळात, १९२६ साली, मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातल्या कामगारवस्तीसाठी स्वयंपाकघराचा आराखडा केला. रेल्वेच्या भोजनडब्यातले स्वयंपाकघर समोर ठेवून त्यांनी पावले मोजली, हात कुठवर पोचतो ते मोजले, आणि १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब जागेत सर्व बसवले. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ तिथे आहे. गंमत अशी की आपल्याला तेव्हा स्वयंपाक येत नव्हता, असे या बाईंनीच पुढे सांगितले. दहा हजारांच्या आसपास घरांत ते स्वयंपाकघर बसवले गेले. आमच्या चाळीत तर कोणी मापही घेतले नाही. ओट्याची उंची गवंड्याने ठरवली आणि बाईने ती जन्मभर सोसली.

भाचीची आई, आमची आपा, उंचीने लहान. चाळीच्या ओट्यापाशी ती पाटावर उभी राहून भाकऱ्या थापते. गंमत म्हणजे सेकंड लाइफमध्येही हीच अडचण आली. तिथल्या प्रतिमा बहुधा सात-सात फुटी, आणि सामानही त्यांच्या मापाचे. भाचीने आपली प्रतिमा आईएवढी केली तर ओटा तिच्या छातीशी आला. मग असे स्वयंपाकघर शोधणे आले ज्यात बदल करण्याची मुभा विकणाऱ्याने दिली आहे. शिवाय जागेची टंचाई तिथेही सुटत नाही. तिथे फूट मोजत नाहीत, ठोकळे मोजतात. ५१२ चौरस मीटरच्या भूखंडावर पूर्वी ११७ ठोकळ्यांपुरतेच सामान ठेवता येई, पुढे ती मर्यादा १७५ झाली. साडेपाच हजार चौरस फुटांची जमीन हाताशी असताना ही मुलगी रात्री बसून हिशेब करते की चिमणी ठेवली तर मसाल्याचे कपाट काढावे लागेल. चाळीतली मुलगी कुठेही गेली तरी फळीचाच विचार करणार!

पण ठोकळ्यांचा हा हिशेब ती तक्रार न करता करते. आम्ही एकदा विचारले की यात तुला एवढे काय मिळते? ती म्हणाली, “मामू, इथं जागा घेताना कुणी आडनाव विचारलं नाही.”

या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. थोर तत्त्वज्ञांच्या यंत्रात हा मुद्दा येत नाही, कारण त्यांना बहुधा कोणी घर नाकारलेले नसते. ज्या मुलीने आईवडिलांबरोबर पाच-सहा जागा पाहिल्या, चावी हातात यायच्या वेळी “सोसायटीला चालणार नाही” हे ऐकले, ती साडेतीनशे रुपयांत असा ओटा विकत घेते ज्याबद्दल तिला कोणालाही खुलासा द्यायचा नाही. याला चैन म्हणणे आम्हाला जमत नाही.

आणि तरीही आमचे समाधान होत नाही. तिथे कोणी विचारत नाही याचे एक कारण असे की तिथे काही शिजतच नाही. शेगडीला स्पर्श केला की प्रतिमा कढईत डाव फिरवल्यासारखे हातवारे करते. वास नाही, धूर नाही, फोडणीचा ठसका नाही. ज्या गोष्टीवर शेजाऱ्याचा आक्षेप होता तीच काढून टाकली, मग आक्षेप राहील कसा? आपल्याला प्रवेश मिळाला तो सुकट आणि खिमा दाराबाहेर ठेवून. हे स्वातंत्र्य म्हणावे की जुन्याच अटीचे पालन? सोसायटीचे म्हणणे तरी दुसरे काय होते! वास येऊ देऊ नका, एवढेच ना?

आणखी एक गोष्ट तिच्याकडून कळली. त्या जगात प्रतिमेला भूक नाही, जेवले नाही म्हणून तिचे काही बिघडत नाही. पण तिथल्याच काही लोकांनी भूक तयार केली आहे. पैसे देऊन एक मापक घ्यायचा. वेळ जाईल तसा तो उतरतो, मग शेत पिकवायचे, पीठ दळायचे, शिजवून खायचे, की तो पुन्हा चढतो. रमजानात सहरीनंतर मगरिबपर्यंत भूक म्हणजे काय हे जाणणाऱ्या आपल्या वाचकांना याचे हसू येईल. आम्हालाही आले. पण विचार केला तर त्या माणसांचे दुखणे खरे आहे. ज्या घरात कोणाला काही लागत नाही तिथे सुंदर स्वयंपाकघरही काही दिवसांत नुसते चित्र होऊन बसते, हे त्यांना उमगले असावे.

आता हक्काबद्दल. सेकंड लाइफमध्ये प्रत्येक वस्तूला तीन परवानग्या जोडलेल्या असतात: बदल करण्याची, नक्कल करण्याची आणि दुसऱ्याला देण्याची. विकणारे बहुधा शेवटच्या दोन एकत्र देत नाहीत, त्यांचा धंदाच बुडेल. म्हणजे नक्कल करता येणारे कपाट तुम्ही आपल्या घरात दहा वेळा मांडू शकता, पण शेजारणीला एक देऊ शकत नाही. देता येणारे कपाट एकच असते. ते दिले की तुमच्याकडचे जाते. धंद्याचा हा साधा नियम आम्हाला विचार करायला लावून गेला. भाचीचे स्वयंपाकघर पहिल्या जातीचे आहे. तिचा ओटा कधी झिजणार नाही, डबा कधी रिकामा होणार नाही, आणि त्यातले चमचाभर मीठसुद्धा ती कोणाला देऊ शकणार नाही.

चाळीत उलट होते. तिथली वाटी दिली की आपल्याकडची कमी होते, म्हणूनच तिला किंमत. आम्ही उगाच जुन्या चाळीचे गोडवे गात नाही. तिथेही रेषा होत्या. आमच्या मजल्यावरच्या एक आजी आमच्या घरचे शिजलेले खात नसत. अम्मी त्यांना ईदेच्या आदल्या संध्याकाळी दूध, शेवया, खारका आणि चारोळी ताटात घालून पाठवी. त्या आपल्या भांड्यात आपल्या हाताने खीर करत आणि ताट परत पाठवताना त्यात काहीतरी घालूनच पाठवत. शिजवण्यातला भेद होताच, तो कोणी नाकारत नव्हते. पण दोन्ही ओट्यांना एकमेकांची खबर होती. आजींना आमच्या घरातला वास आवडत नसणार, हे आज कळते. त्या खिडकी लावून घेत. घर सोडून जा असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही. शेजार म्हणजे आम्हाला एवढेच अपेक्षित आहे, आणि एवढे मागणे आज प्रभादेवीत जास्त ठरते.

जुन्या खोल्या आता जात आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आपाच्या चाळीचाही आराखडा झाला आहे. रहिवाशांच्या बैठकीत बांधकाम करणाऱ्यांच्या माणसाने फरशीचे तीन रंग दाखवले आणि एक निवडायला सांगितला. ओट्याबद्दल कोणी काही विचारले नाही. भाचीने मग पडद्यावरचे आपले स्वयंपाकघर सगळ्यांसमोर उघडले. तीस इंचांचा ओटा, त्यापाशी आपाच्या उंचीची बाई, पायाखाली पाट नाही. चार-पाच बायका पुढे सरकल्या. पलीकडच्या खोलीतल्या काकूंनी विचारले, “आमचा छत्तीसचा होईल का गं? वाकून वाकून कंबर गेली.” भाचीने तिथल्या तिथे ओटा उंच करून दाखवला. मग दुसरीने आपले माप सांगितले. कोणी म्हणाले, खिडकी गॅलरीकडे हवी, कोण आले-गेले ते कळते.

त्या माणसाने सांगितले की सर्व मजल्यांवर ओटा एकाच उंचीचा असेल, मंजूर नकाशात बदल होत नाहीत. नकाशात ओट्याची उंची कुठे लिहिली आहे ते दाखवा, असे काकू म्हणाल्या. पुढच्या बैठकीला तो नकाशा घेऊन येणार आहे.