एका मताचें मोल

“आमच्या एका मतानें काय होणार?” असें अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील पुष्कळ सज्जन निवडणूक आली म्हणजे विचारितात. प्रश्न नीतीचा आहे. म्हणून त्याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मुंबई महानगरपालिकेच्या 2017 च्या निवडणुकींत प्रभाग क्रमांक 220 मध्यें दोन उमेदवारांस प्रत्येकीं 5,946 मतें पडलीं, आणि निवाडा चिठ्ठी टाकून करावा लागला. जें काम मनुष्याच्या विवेकानें करावयाचें, तें कागदाच्या कपट्यानें केलें!

कोणी म्हणेल, असा प्रसंग क्वचितच येतो. खरें आहे. परंतु आमचें कर्तव्य निकालावर अवलंबून नाहीं. नळाचें पाणी, गटारें, कचरा, दवाखाने हीं पालिकेचीं कामें. ज्यास पाणी विकत घेण्याचें सामर्थ्य आहे, त्याचें नळावांचून निभेल. वस्तींतल्या विधवेचें निभणार नाहीं. तेव्हां मत देणें हा शेजारधर्मच होय.

शिवाय 1948 पूर्वीं मुंबईंत हा हक्क भाडें, कर इत्यादिकांवर अवलंबून असे. गरिबांस तें द्वार बंद होतें. तें उघडल्यावर आपण उंबरठ्याबाहेरच बसावें काय?

मात्र इच्छा असून भागत नाहीं. यादींत नांव पाहिजे. प्रभागाची यादी विधानसभेच्या मतदारयादीवरूनच तयार होते. ज्यास 18 वर्षें पूर्ण झालीं त्यानें नमुना क्रमांक 6, व ज्यानें बिऱ्हाड बदललें त्यानें नमुना क्रमांक 8 भरावा. मतदानाच्या दिवशीं केलेली धांवाधांव व्यर्थ होय. वाचकहो, आपलें नांव पाहा, आणि ज्यास वाचतां येत नाहीं अशा शेजाऱ्याचेंही पाहा.