रडणं वेगळं म्हणजे काय?

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, जाफराबादला आली होती. बाळ अठरा दिवसांचं असताना ती म्हणाली, "हा डावा पाय हलवत नाहीये." आजीला वाटलं, मालिश करताना मुरगळला असेल. मालिशवाल्या बाईंना उगाच बोलणी बसली. ताप नव्हता, थर्मामीटर तीनदा लावून पाहिला. ताईचं म्हणणं एवढंच, की लंगोट बदलताना मांडी उचलली की हा वेगळं रडतो. "वेगळं म्हणजे काय?" मी विचारलं. तिला सांगता येईना. "तू फार विचार करतेस, मोबाईल बाजूला ठेव," असं म्हणून मी विषय संपवला.

चार दिवसांनी संभाजीनगरला सोनोग्राफीत खुब्याच्या सांध्यात पू दिसला. त्याच रात्री ऑपरेशन करून तो काढला, पुढे कित्येक आठवडे अँटिबायोटिक्स.

नंतर वाचलं ते असं. जंतू नाळेच्या जखमेतून किंवा सलाईनच्या सुईच्या जागेतून रक्तात शिरतात आणि हाडाच्या टोकाशी ठाण मांडतात. मोठ्या मुलांत हाडाच्या वाढीची कूर्चा मध्ये भिंतीसारखी असते. साधारण दीड वर्षापर्यंत मात्र रक्तवाहिन्या ती ओलांडून जातात, त्यामुळे संसर्ग हाडातून सहज सांध्यात पोचतो. खुब्यात पू साचला की त्या दाबानं मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. एवढं सगळं आत चालू असताना ताप येईलच असं नाही. कधीकधी खूण एकच असते : दुखतं म्हणून बाळ पाय हलवत नाही. लकवा झाल्यासारखं दिसतं, पण लकवा नसतो. लंडनच्या थॉमस स्मिथ या सर्जननं 1874 साली तान्ह्या बाळांच्या या आजारावर लिहून ठेवलं होतं. म्हणजे माहिती जुनीच होती.

चूक कुणाची, हे घरात बरेच दिवस चाललं. मला छळतो तो प्रश्न दुसराच आहे. थर्मामीटरचा आकडा मी पुरावा मानला, ताईचं "वेगळं रडतो" मानलं नाही. दुसऱ्याची वेदना आपल्याला थेट कळत नाही, हे तत्त्वज्ञानातलं जुनं कोडं. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते कोडं चालतं, तो ओरडून सांगतो, भांडतो. बाळाच्या बाबतीत आपल्या शंकेची किंमत बाळच मोजतं. ताई चुकली असती तर जालन्याची एक फेरी फुकट गेली असती. मी चुकलो तर एक पाय. हा हिशेब अवघड नव्हता, मी तो केलाच नाही.

मी एकटाच असा नाही, पण त्यानं बरं वाटत नाही. 1980 च्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणी नवजात बाळांची ऑपरेशनं वेदनाशामक अगदी कमी किंवा न देताच होत. त्यांची मज्जासंस्था कच्ची, त्यांना फारसं कळत नाही, असा समज होता. कनवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की वेदनाशामक दिलं तर बाळं ऑपरेशन जास्त चांगलं सोसतात. दुखतं याचा पुरावा सगळे मागत होते. दुखत नाही याचा कुणी मागितला होता?

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखायच्या त्यांच्या खुणांमध्ये बाळाचं रडणं क्षीण होणं होतं, आणि 'दूध कमी ओढतो' हे आईचं सांगणंही होतं. 39 गावांतल्या या कामाचे निष्कर्ष 1999 मध्ये आले : तुलनेच्या गावांच्या हिशेबात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. तिथं आईचं वाक्य कागदावर लिहिलं जात होतं. आमच्या घरात ते मी हसण्यावारी नेलं.

भाचा आता सहा वर्षांचा आहे. डाव्या बुटाचा तळवा जाड करून घेतलाय, तरी पळताना लंगडतो. गेल्या दिवाळीत त्यानं विचारलं, "मामा, माझा हा पाय छोटा का?" मी त्याला जंतू, पू, ऑपरेशन असं सांगत होतो. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "आणि मामानं ऐकलं नाही, तेही सांग."

तेही सांगितलं. "का नाही ऐकलं?" त्यानं विचारलं.