कागदावर मेलेला रानपिंगळा

१८८४ साली जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात रानपिंगळ्याचा एक नमुना मिळवला. त्यानंतर ११३ वर्षे हे वीतभर उंचीचे घुबड कोणाही अभ्यासकाला खात्रीने दिसले नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची फक्त सात कातडी होती. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या पक्षीतज्ज्ञांनी शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. हळूहळू त्याच्याबद्दल लिहिताना भूतकाळ वापरला जाऊ लागला. मग २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, बेन किंग या अमेरिकी पक्षीतज्ज्ञाला एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. बरोबर पामेला रासमुसेन आणि डेव्हिड ॲबट होते.

ही गोष्ट बहुतेक वेळा चमत्कारासारखी सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. त्या सकाळच्या आधी रासमुसेनबाईंनी संग्रहालयात बसून जे काम केले, त्यात या गोष्टीचा खरा जीव आहे.

सात कातड्यांपैकी एकाच्या चिठ्ठीवर गुजरातमधल्या तापीकाठच्या मांडवीचे नाव होते आणि साल होते १९१४. नमुना मिळवणारा म्हणून नाव होते कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांचे. पक्षिशास्त्रात हा माणूस मोठा मानला जाई. ही चिठ्ठी खरी धरली तर रानपिंगळा विसाव्या शतकातही हयात होता, तोही मांडवीत. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या कातड्याची क्ष-किरण तपासणी केली. पक्षी एकदा उसवून पुन्हा भरलेला निघाला. प्रत्येक संग्राहकाची कातडे भरण्याची आणि शिवण्याची आपली एक ढब असते. नव्याने शिवताना जुन्या हाताच्या खुणा पूर्ण पुसल्या गेल्या नव्हत्या आणि त्या खुणा डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचा नमुना उचलून कर्नलने त्यावर आपली चिठ्ठी बांधली होती. म्हणजे मांडवीची नोंद सपशेल खोटी होती.

त्यामुळे शोधाची दिशाच बदलली. मांडवी बाद झाली आणि ज्या नमुन्यांवर विश्वास ठेवता येत होता, त्यांच्या ठिकाणी जायचे ठरले. आधी पूर्वेकडे, छत्तीसगड-ओडिशाच्या भागात, जिथे १८७२ साली ब्लेविट यांना पहिला नमुना मिळाला होता. तिथे काही सापडले नाही. मग डेव्हिडसनच्या खानदेशात आले. पक्षी तिथेच होता. ‘तो असेलच’ या श्रद्धेने तो सापडला नाही. जुना कागद खरा की खोटा, हे कुणीतरी मोठ्या नावाची भीड न ठेवता तपासले, म्हणून सापडला. नामशेष प्राण्यांच्या शोधात आशेचे कौतुक फार होते, शंकेचे होत नाही, याचे मला वाईट वाटते.

दुसरी अडचण अगदी साधी होती. रानपिंगळा दिवसाउजेडी वावरतो. सरडे, उंदीर, किडे तो भर उन्हातही पकडतो. घुबड रात्रीचे, हे मनात धरून रानात जाणाऱ्याला तो भेटणे अवघडच. शिवाय गावोगावी दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याशी त्याचे इतके साम्य, की नीट न पाहता कोणीही गफलत करावी. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पोट स्वच्छ पांढरे असते, शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद असतात आणि चोच, पाय मजबूत असतात. हा फरक दुर्बिणीशिवायही दिसतो, पण पाहायचा असतो.

आंध्रातल्या जेर्डनच्या धाविकचे उदाहरण याच्या बरोबर उलटे आहे. हा पक्षी खरोखरच रात्रीचा. तोही दीर्घकाळ नामशेष मानला गेला होता. १९८६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण लंकामलाईच्या परिसरात शोध घेत असताना ऐतण्णा नावाच्या स्थानिक माणसाने रात्री तो पकडून दाखवला. पक्षी सापडल्यामुळे तिथे अभयारण्य झाले आणि तेलुगू गंगा प्रकल्पाच्या कालव्याला वाट बदलावी लागली. पक्षी तर आधीही तिथेच होता. त्याची नोंद झाली, आणि मग त्या जमिनीवर त्याचाही हक्क मानला गेला.

हे सगळे मी नवी मुंबईत बसून लिहितो आहे, आणि इथे या गोष्टीला वेगळी धार येते. हे शहर उभारण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नकाशे आखले गेले. नकाशात जे भूखंड म्हणून रंगवले, त्यांतली कितीतरी जागा प्रत्यक्षात खाजण आणि पाणथळ होती. नेरूळच्या तलावांवर रोहित उतरतात, खारघरच्या खाडीकाठी कोल्हा फिरतो. सोसायटीच्या गच्चीवरून कोल्ह्याचा व्हिडिओ निघाला की शहर चकित होते. खाडीत जाळे लावणाऱ्या आगरी-कोळी माणसाला त्यात नवल वाटत नाही, कारण त्याने तो नेहमीच पाहिलेला असतो. कागदावर मात्र जागा मोकळी असते. तिथे कोणी राहत असेल तर ते सिद्ध करायचा भार पाखरावर आणि कोल्ह्यावर पडतो, आणि त्यांच्या वतीने बोलणारी चार माणसे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहतात. मला हा न्याय उलटा वाटतो. जमीन रिकामी आहे असे जो म्हणतो, त्याने ती रिकामी असल्याचे दाखवावे.

आता तानसा. शहापूर-वाड्याच्या बाजूच्या या जंगलातला तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवतो आहे. धरण बांधले, जलवाहिन्या टाकल्या, त्यांची देखभाल करणारे कर्मचारी पिढ्यान्‌पिढ्या तिथे वावरले, सहली गेल्या. रानपिंगळा म्हणजे सातपुड्याचा आणि मेळघाटाचा, हे एव्हाना सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले होते. २०१४ साली तो याच तानसाच्या सागवानी रानात दिसला. सव्वाशे वर्षे महानगर ज्या जंगलाचे पाणी पिते आहे, त्या जंगलात कोण राहते हे महानगराला माहीत नव्हते. जगभरात या जातीचे प्रौढ पक्षी हजाराच्या आत असावेत असा अंदाज आहे, आणि त्यांतले काही लोकलच्या टप्प्यात आहेत.

रानपिंगळा घरटे करतो जुन्या झाडांच्या ढोलीत. सागाचे नवे रोप लावून ढोली तयार होत नाही, तिला अनेक दशके लागतात. वृक्षतोडीच्या बदल्यात वृक्षारोपण हा हिशेब त्याच्यासाठी निरर्थक आहे.

मुंबईला आणखी पाणी हवे म्हणून वाडा तालुक्यात गारगाई धरणाची योजना पुढे आली आहे आणि तिच्या बुडित क्षेत्रात तानसा अभयारण्याचे जंगल येते. शहराला पाणी लागते हे मी नाकारत नाही, मीही धरणाचेच पाणी पितो. पण २०१४ च्या आधी या जंगलाचा विचार करताना कोणाच्याही तोंडी रानपिंगळ्याचे नाव येणे शक्य नव्हते, आता ते आलेच पाहिजे. सर्वेक्षण दिवसा व्हावे. पानगळीत, झाडे उघडी पडल्यावर व्हावे. साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांतला फरक ओळखणाऱ्या माणसांनी करावे, आणि त्या पाड्यांतल्या वारली, कातकरी, ठाकर माणसांना सोबत घेऊन करावे. जव्हार, मोखाडा, मुरबाडच्या रानांतही असेच चालत जाऊन पाहायला हवे. तो तिथे नाही असे निघाले तर तेही नीट लिहून ठेवावे, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी आणि कुठे कुठे शोधले यासकट.