झाकलेला बर्फ

बसा. खुर्चीत, सतरंजीवर, जिथे असाल तिथे. पाठ ताठ हवीच असं काही नाही. फक्त तळवे जमिनीला टेकू द्या. फरशी गार लागते का? लागू द्या. काही वेळ लक्ष तिथेच, पायांच्या खाली असू द्या. आज ज्या जागी जायचं आहे, तिथली सगळी गंमत पायांखालीच आहे.

शहर टोरांटो. कार्लटन आणि चर्च या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर पिवळसर विटांची एक भली थोरली इमारत आहे, वर पांढरा घुमट. नाव मेपल लीफ गार्डन्स. बाग मात्र औषधालाही नाही. बर्फावरच्या हॉकीसाठी कॉन स्माइद नावाच्या हट्टी माणसाने 1931 साली, जागतिक मंदी ऐन भरात असताना, ती जेमतेम पाच-साडेपाच महिन्यांत उभी करून घेतली. पैसे कमी पडले तेव्हा कामगारांनी मजुरीचा काही भाग कंपनीच्या समभागांत घेतला. गवंड्याने विटेच्या मोबदल्यात त्याच भिंतीचा एक बारीकसा हिस्सा घरी न्यावा, तसा हा व्यवहार. मला तो फार आवडतो.

तिच्या हॉकीच्या दिवसांत आत चला. सामना नाही, माणसं नाहीत. चारी बाजूंनी खुर्च्यांच्या रांगा वर चढत गेल्या आहेत. दृष्टीच्या आड येणारा एकही खांब नाही. मधोमध पांढरा, गोल कोपऱ्यांचा पट्टा आहे, दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद. डोळे मिटून त्याच्या काठाशी उभे राहा. थंडी आधी नाकाला कळते, मग घोट्यांना.

हा बर्फ किती खोल असेल असं वाटतं? आपण नकळत तळं गोठल्यासारखा विचार करतो. प्रत्यक्षात त्याची जाडी बोटाच्या एका पेराएवढी असते. खाली काँक्रीटची लादी, लादीच्या पोटात नळ्यांचं जाळं, आणि नळ्यांतून शून्याखाली गेलेलं खारं पाणी सारखं फिरतं. मीठ असल्यामुळे ते स्वतः गोठत नाही आणि वरच्या गोड्या पाण्याला गोठवतं. लादी पुरेशी गार झाली की तिच्यावर पाण्याचा अगदी पातळ फवारा मारतात. तो धरला की दुसरा, मग तिसरा. एकदम ओतलेलं पाणी नीट धरत नाही. मध्येच पांढरा रंग देतात, कारण बर्फ मुळात पारदर्शक. रंग नसेल तर खालचं करडं काँक्रीट दिसेल. मग लाल रेघ, निळ्या रेघा, वर्तुळं आखायची आणि त्यांच्यावर पुन्हा पाण्याचे थर द्यायचे. म्हणजे प्रेक्षकांना दिसणाऱ्या रेघा बर्फाच्या वर नसतात, आत असतात.

इथे जरा थांबा. एकेक थर मनात धरू द्या.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती ऐकली की पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. खेळाच्या मध्यंतरात झांबोनी नावाचं बोजड यंत्र बर्फावरून सावकाश फिरतं. स्केट्सच्या पात्यांनी ओरबाडलेला पृष्ठभाग ते खरवडतं आणि मागे पाणी सोडत जातं. ते पाणी गरम असतं, चांगलं वाफाळतं. गरम पाणी वरचा थर किंचित वितळवून चरे भरून काढतं आणि त्याच्याशी एकजीव होऊन गोठतं. त्यात हवाही कमी विरघळलेली असते, म्हणून बर्फ घट्ट आणि नितळ होतो. थंडगार पाणी नुसतं वर थापल्यासारखं बसलं असतं.

आता तोच पट्टा, पण संध्याकाळ गाण्याची आहे. अशा सभागृहांत आज मोसम चालू असताना मैफल आली तर बर्फ काढत बसत नाहीत. कामगारांची टोळी रातोरात थंडी अडवणाऱ्या जाड फळ्या आणते, एकीला एक जोडत सबंध बर्फ झाकून टाकते. वर खुर्च्या मांडल्या जातात, टोकाला व्यासपीठ उभं राहतं, दिवे टांगले जातात. खालची यंत्रं चालूच असतात, खारं पाणी फिरतच असतं. श्रोते येतात, कोट काढून मांडीवर घेतात, टाळ्या वाजवतात, नाचतात, आणि त्यांच्या बुटांखाली वीतभराहूनही कमी अंतरावर शून्याखाली चार-पाच अंशांवर लाल-निळ्या रेघा जशाच्या तशा असतात. कुणाच्या मनातही ते येत नाही. तुम्ही मात्र मनात येऊ द्या. वर ढोलाचा ठोका आहे, खाली बर्फ आहे. दोन्ही एकदम धरता येतात का, पाहा. माझ्याच्याने ते फार वेळ होत नाही. गाणं आलं की बर्फ निसटतो, बर्फ धरायला जावं तर गाणं नुसता गोंगाट होतो. निसटलं तर निसटू द्या, पुन्हा तळव्यांकडे या.

या घुमटाखाली काय काय झालं! 1957 मध्ये एल्विस प्रेस्ली आला. बीटल्स 1964, 1965 आणि 1966 अशी ओळीने तीन वर्षं आले. मुहम्मद अली 1966 मध्ये टोरांटोच्याच जॉर्ज शुव्हालोशी पंधरा फेऱ्या लढला. शुव्हालो हरला पण खाली पडला नाही.

आणि 1985 मध्ये लता मंगेशकर. युनायटेड वे या धर्मादाय संस्थेसाठी त्यांची इथे मैफल झाली. सुमारे बारा हजार श्रोते आणि दीड लाख डॉलरचा निधी. कॅनडाच्या लाडक्या गायिका ॲन मरे यांच्या विनंतीवरून लताबाईंनी मरे यांचं 'यू नीडेड मी' हे इंग्रजी गाणंही गायलं. कुठे मंगेशी गावाचं नाव लावणारं नाटक कंपनीतलं घराणं आणि कुठे हे काठ्या आपटण्याचं, चकतीमागे धावण्याचं घर. पण विचित्र काहीच वाटलं नसावं. बर्फाचा खेळ पाहायला हिवाळाभर जे शहर तिथे यायचं, त्यातल्याच एका हिश्शाने त्या दिवशी साड्या नेसल्या होत्या, एवढंच. गाताना चपला काढून ठेवायची लताबाईंची सवय सर्वांना ठाऊक आहे. तुमचेही तळवे अजून जमिनीला टेकलेले आहेत ना?

इथवर झाकणं ही गोष्ट आपण कौतुकाने पाहिली. पण या इमारतीत दुसऱ्या तऱ्हेचं झाकणंही होतं आणि त्याच्यावरून नुसतं पुढे सरकणं बरं नाही. इथल्या काही कर्मचाऱ्यांनी सामन्यांची तिकिटं, खेळाडूंची भेट अशी आमिषं दाखवून लहान मुलांवर वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार केले. ते 1997 मध्ये उघडकीला आलं, तेही त्या मुलांतल्या एकाने मोठेपणी तोंड उघडलं म्हणून. ज्या घुमटाखाली हजारोंचा आवाज चढत होता, त्याच घुमटाखाली ही मुलं गप्प होती. बर्फावर फळ्या घालतात त्या बर्फ टिकावा म्हणून. इथे काय टिकवलं जात होतं? या प्रश्नापाशी जेवढं बसवेल तेवढं बसा. मन दुसरीकडे पळायला बघेल, तेही बघा.

मग इमारतीवरच एक थर चढला. मेपल लीफ्स हा संघ 1931 च्या नोव्हेंबरात इथला पहिला सामना शिकागोकडून 2-1 असा हरला होता. 13 फेब्रुवारी 1999 रोजी तो इथला शेवटचा सामनाही शिकागोकडूनच हरला, 6-2 असा. मधल्या काळात त्याने हॉकीतला मानाचा स्टॅन्ली कप अकरा वेळा जिंकला, शेवटचा 1967 मध्ये. त्यानंतर अजून एकदाही नाही. संघ नव्या सभागृहात गेला आणि बरीच वर्षं हा घुमट रिकामा राहिला. 2011 मध्ये तळमजल्यावर लॉब्लॉज हे किराणा-भाजीपाल्याचं प्रचंड दुकान उघडलं. पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावर, त्याच घुमटाच्या छताखाली, शहरातल्या एका विद्यापीठाने नवी बर्फाची रिंक सुरू केली. नळ्या, खारं पाणी, पांढरा रंग, रेघा, सगळं पुन्हा आलं. तेव्हा आता उलटा प्रकार आहे. खाली माणसं टोमॅटो चाचपून घेतात आणि त्यांच्या डोक्यावर विद्यार्थी स्केटिंग करतात.

मनातल्या मनात त्या दुकानात शिरा. पंचविसाव्या रांगेत जमिनीवर एक लाल ठिपका रंगवलेला आहे. जुन्या बर्फाचा मध्यबिंदू तो. खेळाची सुरुवात तिथे व्हायची. पंच वाकून चकती टाकायचा आणि दोन काठ्या तिच्यावर झडप घालायच्या. जुने शौकीन अजूनही तो शोधत येतात, फोटो काढतात. उभे राहा त्या ठिपक्यावर. फार वेळ मिळणार नाही. मागून कुणाची तरी डब्यांनी भरलेली ढकलगाडी येते, 'एक्स्क्यूज मी' ऐकू येतं आणि बाजूला व्हावं लागतं.