बंद पडलेले नेटवर्क आणि कारणज्ञानाचा प्रश्न

स्मार्टफोनवरील इंटरनेट बंद पडल्यावर फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू केला आणि नेटवर्क परत आले, तर दोष दूर झाला एवढे निश्चित होते. परंतु त्या दोषाचे कारणही त्याच वेळी ज्ञात झाले असे म्हणता येईल काय, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. थांबलेले कार्य पुन्हा घडू लागणे हे कारणज्ञानाचे गमक मानावे की नाही, याचा विचार करण्यासाठी लागणारी साधने भारतीय दर्शनांत, विशेषतः न्याय आणि मीमांसा या दोन दर्शनांत, घट, अग्नी, मणी अशा उदाहरणांच्या आधारे काटेकोरपणे घडवलेली आहेत.

'नेट नाही' हे प्रथमतः एका अभावाविषयीचे विधान आहे. कुमारिल भट्टांची परंपरा अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानते, तर नैयायिकांच्या मते असे ज्ञान प्रत्यक्षानेच होते. तथापि एक अट उभयपक्षी मान्य आहे, ती अशी की वस्तू तेथे असती तर ती अवश्य आढळली असती अशी परिस्थिती असेल, तरच तिच्या न आढळण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. हीच योग्यानुपलब्धी होय. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून तेथे घट नाही असे ठरत नाही. त्याचप्रमाणे एखादे संकेतस्थळ उघडले नाही यावरून इंटरनेटचा अभाव सिद्ध होत नाही, कारण त्या संकेतस्थळाचा सर्व्हरच बंद असू शकतो, किंवा फोनमधील तारीख चुकल्यामुळे संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र मुदतबाह्य भासून जोडणी शाबूत असतानाही पान नाकारले जाऊ शकते. अँड्रॉइड प्रणाली ही अट आपल्या परीने पाळते: वाय-फाय जोडले गेल्यावर ती ठरावीक पत्त्यावर विनंती पाठवते, '२०४' या संकेतांकाच्या रिकाम्या उत्तराची अपेक्षा धरते आणि ते न आल्यास वाय-फाय आहे पण इंटरनेट नाही, असा निर्वाळा देते.

अभाव सिद्ध झाल्यावर कारणाचा शोध सुरू होतो. न्यायमतानुसार कार्य एकट्या कारणाने घडत नसून कारणसामग्रीने, म्हणजे आवश्यक त्या सर्व कारणांच्या एकत्र येण्याने, घडते. चालू स्थितीतील अँटेना, सिम कार्डावरून पटणारी ग्राहकाची ओळख, आवाक्यातील टॉवर आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा यांपैकी एक जरी घटक निखळला, तरी मोबाइल डेटावर पान उघडत नाही. पडद्यावरील रेंजच्या दांड्या पूर्ण असूनही नेट चालत नाही याचे नवल वाटते, ते यामुळेच. त्या दांड्या टॉवरकडून येणाऱ्या रेडिओलहरींची तीव्रता तेवढी सुचवतात आणि सामग्रीतील उरलेल्या घटकांविषयी मौन पाळतात.

याहून सूक्ष्म प्रश्न प्रतिबंधकाचा, म्हणजे सर्व कारणे उपस्थित असताना कार्य रोखणाऱ्या वस्तूचा, आहे. विशिष्ट मणी जवळ ठेवला असता अग्नी जाळत नाही, हे या चर्चेतील परंपरागत उदाहरण होय. अग्नीच्या दृश्य रूपात कोणताही बदल झालेला नसताना दाह थांबतो, त्याअर्थी मण्याने अग्नीतील शक्ती नावाचा अदृश्य पदार्थ नष्ट केला, असे मीमांसकांचे म्हणणे आहे. उलट उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत शक्तीची ही कल्पना नाकारून प्रतिबंधकाचा अभाव हाच कारणसामग्रीचा एक घटक मानला. उत्तेजक, म्हणजे प्रतिबंधक असतानाही कार्य घडवून आणणारी वस्तू, जवळ आली की मणी असूनही अग्नी जाळतो, याचीही नैयायिकांनी दखल घेतली आणि उत्तेजकाची साथ नसलेल्या मण्याचा अभाव हे कारण होय, अशी सुधारणा केली. फोनमधील विमान मोड हा असाच प्रतिबंधक आहे. सिम, अँटेना आणि टॉवर जसेच्या तसे असताना तो जोडणी थांबवतो, परंतु तो सुरू असतानाही वाय-फाय स्वतंत्रपणे चालू केले तर इंटरनेट मिळते, आणि तेथे वाय-फायचे बटण उत्तेजकाचे काम करते. फोनची शक्तीच गेली असे म्हणणाऱ्याला पुढे शोधण्यासारखे काही उरत नाही, तर प्रतिबंधक शोधणाऱ्याला सेटिंग तपासण्याची दिशा मिळते. दोषनिवारणाच्या दृष्टीने न्यायमत अधिक उपकारक ठरते ते याच कारणाने.

फोन पुन्हा सुरू करण्याच्या उपायाचे स्वरूप मात्र वेगळे आहे. त्या एका कृतीने अडकलेली ॲप्स बंद होतात, फोन टॉवरकडे नव्याने नोंद करतो आणि राउटरशीही नव्याने जोडला जातो. म्हणजे अनेक संभाव्य प्रतिबंधक एकदमच दूर होतात आणि त्यांपैकी खरा कोणता होता, हे सांगणारा पुरावाही त्यांच्याबरोबर नाहीसा होतो. शिवाय त्याच वेळी टॉवरवरील बिघाड दुरुस्त झाला असेल, तर फोन सुरू करणे आणि नेटवर्क येणे यांचा संबंध काकतालीय, म्हणजे निव्वळ योगायोगाचा, ठरतो; कुंभाराकडे माती आणणारे गाढव घटापूर्वी उपस्थित असूनही नैयायिक त्याला अन्यथासिद्ध, म्हणजे कार्याच्या दृष्टीने अनावश्यक, ठरवतात, तशीच त्या कृतीची गत होते. यावर उपाय अन्वय आणि व्यतिरेक यांचा: अमुक असताना कार्य घडते हा अन्वय आणि ते नसताना घडत नाही हा व्यतिरेक. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहणे, त्याच फोनवर दुसरे वाय-फाय जोडून पाहणे, अशा रीतीने एका वेळी एकच घटक बदलला, तर दोषाचे स्थान क्रमाक्रमाने निश्चित होत जाते.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रवृत्तिसामर्थ्य, म्हणजे ज्ञानानुसार केलेली कृती सफल होणे, ही ज्ञानाच्या यथार्थतेची कसोटी आहे असे नैयायिक स्वतःच मानतात. मग फोन पुन्हा सुरू करण्याने कारणज्ञानही सिद्ध झाले असे का मानू नये? याचे उत्तर असे की, सफल कृती ज्या ज्ञानातून निघाली असेल त्याच ज्ञानाला ती प्रमाणित करते. 'फोन पुन्हा सुरू केल्यास नेट येईल' एवढाच विश्वास त्या यशाने काही अंशी पक्का होतो; 'दोष फोनमध्येच होता' हे विधान त्या कृतीच्या मुळाशी नव्हतेच, त्यामुळे ते पूर्वीइतकेच असिद्ध राहते. ज्याला केवळ नेट हवे आहे त्याचे एवढ्याने भागते, आणि तसे भागवण्यात काही गैरही नाही. परंतु दोष पुन्हा उद्भवू नये अशी ज्याची इच्छा असेल, त्याने यशाला ज्ञान समजण्याची घाई करू नये.